घटक ४ : भाषासामग्रीच्या अभ्यासासाठी संगणकीय आज्ञा — वऱ्हाडी बोलीच्या संदर्भात

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रांनो, हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :

• संगणकीय आज्ञा, नलिका आणि स्क्रिप्ट या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• संकलित बोलीसामग्रीतील शब्द शोधणे, मोजणे व क्रमाने लावणे यांसाठी योग्य आज्ञा निवडता येतील.
• मराठी मजकुरात या आज्ञा कोठे व का चुकतात, हे सोदाहरण सांगता येईल.
• संकेतनभेद आणि बोलीभेद यांतील फरक ओळखून सामग्रीचे शुद्धीकरण विवेकाने करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासाची पद्धती पाहिली. निवेदकांची निवड, संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि त्याचे लिप्यंतर हे टप्पे तुमच्या परिचयाचे झाले आहेत. त्यानंतरचा टप्पा वर्गीकरणाचा असतो. समजा, एका विद्यार्थिनीने अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील काही गावांत फिरून वऱ्हाडी संभाषणे टिपून घेतली आणि ती टंकलिखित केली. आता तिच्यापुढे शेकडो पृष्ठांचा मजकूर आहे. त्यात ‘मले’ हे रूप किती वेळा आले? ‘रायलो’, ‘रायला’ ही रूपे कोणकोणत्या वाक्यांत आली? ‘डोळा’ आणि ‘डोया’ ही दोन्ही रूपे एकाच निवेदकाच्या बोलण्यात आहेत काय? पूर्वी अशा प्रश्नांची उत्तरे शब्दपत्रे तयार करून, ती हाताने क्रमाने लावून मिळवावी लागत. एका चिठ्ठीवर एक शब्द, अशा हजारो चिठ्ठ्या खोक्यांत साठविल्या जात.

संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक अशी कामे रोजच करतात. मोठ्या फाइलींतून हवी ती ओळ शोधणे, याद्या क्रमाने लावणे, पुनरावृत्ती मोजणे यांसाठी त्यांच्याजवळ एका शब्दाच्या छोट्या आज्ञा असतात. त्याच आज्ञा भाषेच्या अभ्यासकाच्याही उपयोगी पडतात. मात्र त्यांना भाषा कळत नाही, केवळ चिन्हांचे क्रमांक कळतात. या मर्यादेचे भान ठेवून त्यांचा उपयोग कसा करावा, हे या घटकात पाहावयाचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ आज्ञा, नलिका आणि स्क्रिप्ट

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली घडू लागली. तिच्या निर्मात्यांनी एक तत्त्व स्वीकारले होते : प्रत्येक आज्ञेने एकच काम करावे, पण ते चोख करावे, आणि एका आज्ञेचे उत्तर दुसरीला सहज देता यावे. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी या प्रणालीत नलिकेची सोय केली. नलिका म्हणजे दोन आज्ञांमध्ये लिहिलेली उभी रेघ. डावीकडील आज्ञेतून निघालेला मजकूर तिच्यातून उजवीकडील आज्ञेकडे जातो. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढणारे यंत्र वेगळे आणि गठाण बांधणारे यंत्र वेगळे असते, परंतु एकाचा माल दुसऱ्याकडे जातो. तसेच हे आहे.

अनेक आज्ञा एका साध्या फाइलीत लिहून ठेवल्या, तर त्या फाइलीस स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्टमुळे तेच काम पुन्हा करताना आज्ञा नव्याने टंकित कराव्या लागत नाहीत. अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व याहून अधिक आहे. आपण आकडे कसे काढले याची ती लेखी नोंद असते आणि दुसऱ्या अभ्यासकाला तीच रीत वापरून आपले निष्कर्ष पडताळता येतात.

लिनक्स आणि मॅक प्रणालींवर या आज्ञा आधीच उपलब्ध असतात. विंडोजवर ‘विंडोज सबसिस्टम फॉर लिनक्स’ आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर ‘टर्मक्स’ यांद्वारे त्या वापरता येतात.

४.३.२ नित्योपयोगी आज्ञा

पुढे आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात आज्ञा आणि त्यांच्यापुढील अंक रोमन कळफलकावर, लहान अक्षरांत टंकित करावेत. त्यासाठी अक्षरे सोबत दिली आहेत.

• ग्रेप (जी, आर, ई, पी) : दिलेला नमुना ज्या ओळींत आढळतो त्या ओळी दाखविते.
• डब्ल्यूसी (डब्ल्यू, सी) : ओळी, शब्द आणि चिन्हे मोजते.
• सॉर्ट (एस, ओ, आर, टी) : ओळी क्रमाने लावते.
• युनिक (यू, एन, आय, क्यू) : लागोपाठ आलेल्या सारख्या ओळींपैकी एकच ठेवते. तिच्यापुढे ‘-सी’ लिहिल्यास पुनरावृत्तीची संख्याही देते.
• सेड (एस, ई, डी) : एका मजकुराऐवजी दुसरा मजकूर घालते.
• हेड (एच, ई, ए, डी) : सुरुवातीच्या काही ओळी दाखविते.
• सीपी (सी, पी) : फाइलीची प्रत करते.
• डिफ (डी, आय, एफ, एफ) : दोन फाइलींतील फरक दाखविते.

नमुन्यादाखल ‘बोली’ या नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत पुढील सहा ओळी आहेत असे समजू.

काहून रे, आज वावरात नाही गेला?
मले आज बजारात जायचं हाय.
तुले हे कोनं सांगतलं?
मी अकोल्याले जाऊन रायलो.
मले काही दिसत नाही, डोया दुखून रायला.
पाहुने कालच गेले.

‘डब्ल्यूसी’ या आज्ञेने ६ ओळी आणि २९ शब्द असे उत्तर मिळेल. ‘ग्रेप’ला ‘मले’ हा नमुना दिल्यास दुसरी आणि पाचवी अशा दोन ओळी मिळतील. शब्दवारंवारता काढावयाची असल्यास आज्ञांची साखळी अशी होईल :

ग्रेप -ओ '[^ ,.?!]*' बोली.टीएक्सटी | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर | हेड -१०

ही साखळी डावीकडून वाचावी. चौकटी कंसातील वर शेंडी असलेले चिन्ह नकार दर्शविते. त्यामुळे पहिली आज्ञा मोकळी जागा आणि विरामचिन्हे वगळून उरलेला प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर मांडते. दुसरी आज्ञा सारखे शब्द शेजारी आणते, तिसरी ते मोजते, चौथी मोठी संख्या वर ठेवते आणि पाचवी पहिले दहा शब्द दाखविते. आपल्या नमुन्यात ‘आज’, ‘नाही’ आणि ‘मले’ हे शब्द प्रत्येकी दोनदा येतात आणि उरलेले २३ शब्द एकेकदा येतात.

येथे विरामचिन्हे का वगळली, हे लक्षात घ्या. पाचव्या ओळीत ‘नाही’ला स्वल्पविराम चिकटलेला आहे. तो न काढल्यास संगणक ‘नाही’ आणि ‘नाही,’ हे दोन वेगळे शब्द समजतो आणि दोन्हींची वारंवारता एक भरते.

शब्दवारंवारतेची ही समस्या संगणकशास्त्राच्या इतिहासातही प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी हाच प्रश्न डोनाल्ड नूथ यांच्यापुढे ठेवला होता. नूथ यांनी अनेक पृष्ठांचा सुंदर, सविस्तर कार्यक्रम लिहिला. त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी सहा आज्ञांच्या साखळीने तेच काम करून दाखविले. मात्र त्यांच्या साखळीत ‘शब्द’ म्हणजे ‘ए’ ते ‘झेड’ या अक्षरांची सलग मालिका, असे गृहीत होते. मराठी मजकूर तिला दिल्यास एकही शब्द हाती लागत नाही. परक्या भाषेसाठी घडलेले साधन आपल्या भाषेस लावण्यापूर्वी त्यामागील गृहीतके तपासावी लागतात, हा या उदाहरणाचा बोध होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) ‘युनिक’पूर्वी ‘सॉर्ट’ ही आज्ञा का द्यावी लागते?
(आ) स्क्रिप्टचा अभ्यासकाला होणारा कोणताही एक लाभ सांगा.

४.३.३ एकाच शब्दाची अनेक रूपे : ‘वऱ्हाड’चे उदाहरण

संगणकात प्रत्येक लिपिचिन्हाला एक क्रमांक असतो. त्याला संकेतांक म्हणतात. युनिकोड या जागतिक संकेतनपद्धतीत देवनागरीचा अंतर्भाव १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला. हे संकेतांक साठविण्याची यूटीएफ-८ ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. ‘ग्रेप’ ही आज्ञा लिहिणारे थॉम्पसन तेच होत. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

आता ‘वऱ्हाड’ हा शब्द पाहा. त्यातील आडवा अर्धा ‘र’ हे मराठी लेखनाचे वैशिष्ट्य आहे. तो संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो.

१. स्वतंत्र संकेतांक असलेला ‘ऱ’ आणि त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह. या रीतीने ‘वऱ्हाड’ शब्दात सहा संकेतांक होतात.
२. साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. या रीतीने सात संकेतांक होतात.
३. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग पाय मोडण्याचे चिन्ह. येथेही सात संकेतांक होतात.

पडद्यावर ही रूपे एकसारखी दिसतात. ‘ग्रेप’ला मात्र ती तीन निराळी रूपे वाटतात. पहिल्या रीतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ शोधल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला एकही ‘वऱ्हाड’ सापडत नाही. वेगवेगळ्या कळफलकांवर टंकित केलेला मजकूर एकत्र केला की हा घोटाळा हमखास होतो. तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. शब्द वेगळ्या फाइलीत घेऊन ‘डब्ल्यूसी -एम’ ही आज्ञा दिल्यास तो उघड होतो. ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्ह धरून एका ठिकाणी ७ आणि दुसऱ्या ठिकाणी ८ असे उत्तर येते.

हा प्रश्न एका शब्दापुरता नाही. पऱ्हाटी, शेतकऱ्याले, तऱ्हा, गुऱ्हाळ अशा शब्दांत हाच अर्धा ‘ऱ’ आहे. ज्या प्रदेशाच्या नावात आणि ज्याच्या मुख्य पिकाच्या बोलीनावात हे अक्षर आहे, त्या प्रदेशाच्या शब्दसंग्रहातून नेमके हेच शब्द निसटून जाण्याचा धोका असतो. अशा यादीवर विसंबून ‘पऱ्हाटी हा शब्द आता क्वचितच वापरला जातो’ असा निष्कर्ष एखाद्याने काढला, तर तो बोलीचा दोष नसून मोजणीचा असेल.

यावर उपाय ‘सेड’ या आज्ञेचा आहे. तिची मांडणी सेड 'एस/जुने/नवे/जी' जुनीफाइल > नवीफाइल अशी असते. ‘एस’ म्हणजे बदला आणि ‘जी’ म्हणजे ओळीत सर्वत्र. ‘जुने’च्या जागी अदृश्य जोडचिन्ह असलेला अर्धा ‘र’ फाइलीतूनच उचलून ठेवावा आणि ‘नवे’च्या जागी स्वतंत्र संकेतांकाचा ‘ऱ्’ लिहावा. टंकित झाल्यावर दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतील, परंतु संगणकाच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. नुक्त्याच्या रूपासाठीही अशीच दुसरी आज्ञा द्यावी.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. काही जण सफाईसाठी सर्व अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकतात. तसे केल्यास दुसऱ्या रीतीचा अर्धा ‘र’ रफार होऊन ‘ह’वर जाऊन बसतो आणि ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. म्हणून आधी अर्धा ‘ऱ’ बदलून घ्यावा आणि उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार त्यानंतर करावा.

जुन्या टंकांत लिहिलेल्या फाइलींविषयीही सावध राहावे. कृतिदेवसारख्या टंकांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृती बसविलेल्या असतात. त्यामुळे पडद्यावर मराठी दिसत असूनही फाइलीत मराठी संकेतांक नसतात. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय कोणतीही आज्ञा त्यावर चालवू नये.

४.३.४ वर्णक्रम आणि प्रत्यय : आज्ञेला काय कळत नाही?

‘सॉर्ट’ ही आज्ञा केवळ संकेतांकांच्या क्रमाने चालविल्यास ‘काल, काळ, कावड, काहून’ असा क्रम मिळतो. कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. मराठी कोशाच्या वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. त्यामुळे योग्य क्रम ‘काल, कावड, काहून, काळ’ असा होईल. मोजणीसाठी पहिला क्रम चालतो. शब्दसूची छापण्यासाठी चालत नाही. संगणकाची भाषा-योजना मराठी ठेवल्यास हा क्रम सुधारू शकतो, तरीही ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असलेले शब्द डोळ्यांखालून घालावेत.

दुसरी मर्यादा व्याकरणाची आहे. प्रमाण मराठीत जेथे ‘ला’ हा विभक्तिप्रत्यय येतो, तेथे वऱ्हाडीत ‘ले’ येतो : मले, तुले, अकोल्याले. शब्द स्वतंत्र ओळींवर मांडल्यानंतर ‘ग्रेप’ला 'ले$' हा नमुना दिल्यास ‘ले’ने संपणारे शब्द मिळतात, डॉलरचे चिन्ह ओळीचा शेवट दर्शविते. आपल्या नमुन्यातून मले, मले, तुले, अकोल्याले आणि गेले असे पाच शब्द येतील. त्यांपैकी ‘गेले’मधील ‘ले’ हा विभक्तिप्रत्यय नव्हे, ते क्रियापदाचे रूप आहे. आज्ञेने पाच शब्द दिले. त्यांतील चार कोणते घ्यावयाचे, हे अभ्यासकानेच ठरवावे लागते. त्याचप्रमाणे ‘मले’ हा नमुना ‘जमले’ या शब्दातही सापडेल. म्हणून केवळ संख्या पाहून थांबू नये. ती संख्या ज्या ओळींतून आली त्या ओळी वाचाव्यात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) दिसायला सारखा असलेला ‘वऱ्हाड’ हा शब्द ‘ग्रेप’ला का सापडत नाही?
(आ) 'ले$' या नमुन्याने मिळालेला ‘गेले’ हा शब्द यादीतून का वगळावा?

४.३.५ संकेतनभेद आणि बोलीभेद

‘सेड’ ही आज्ञा एका क्षणात हजारो ठिकाणी बदल करते. हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. ‘वऱ्हाड’च्या तीन रूपांमधील फरक यंत्राचा आहे. बोलणाऱ्या माणसाने तो केलेला नाही, म्हणून तो मिटविणे इष्टच होय. ‘डोळा’ आणि ‘डोया’, ‘मला’ आणि ‘मले’, ‘कोण’ आणि ‘कोन’ यांतील फरक मात्र माणसाच्या मुखातला आहे. पहिला संकेतनभेद, दुसरा बोलीभेद. आज्ञेच्या दृष्टीने दोन्हींत काहीच अंतर नाही. एकाच ओळीच्या आज्ञेने ‘ऱ’ सुधारता येतो, तसाच सगळ्या संग्रहातील ‘मले’ही ‘मला’ करता येतो. शुद्धलेखन तपासणारी साधने तर ‘कोन’खाली लाल रेघ न ओढता ‘डोया’ आणि ‘सांगतलं’खाली ओढतात, कारण ‘कोन’ हा भूमितीतील शब्द त्यांच्या सूचीत असतो. घाईने त्यांच्या सूचना स्वीकारल्या, तर ज्यासाठी संग्रह केला तीच बोली त्यातून नाहीशी होते आणि तसे झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातील मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आलेले आहेत. आज ते नमुने तुलनेसाठी उपयोगी पडतात, ते त्यांतील रूपे प्रमाण मराठीप्रमाणे ‘सुधारली’ नाहीत म्हणूनच. याही आधीचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातीलच आहे. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या अनुभवल्या त्यांच्याकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. एखादा प्रसंग दोघांनी निरनिराळा सांगितला असेल, तर सांगणाऱ्याच्या नावासह तो भेद नोंदविलेला महानुभाव पोथ्यांत आढळतो. एकच पाठ ठेवून दुसरा पुसून टाकणे सोपे होते; संकलकांनी तसे केले नाही. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. संगणकावर संग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यालाही भेद जपण्याची हीच शिस्त पाळावयाची आहे.

त्यासाठी पुढील चार नियम पाळावेत.

१. मूळ लिप्यंतराच्या फाइलीला कधीही हात लावू नये. ‘सीपी’ने प्रत करून सर्व बदल प्रतीवर करावेत.
२. आज्ञेचे उत्तर त्याच फाइलीत साठवू नये. ‘मोठे’ या अर्थाचे कोनचिन्ह (>) पुढील फाइल आधी रिकामी करते आणि मग आज्ञा सुरू होते. त्यामुळे ‘सॉर्ट बोली.टीएक्सटी > बोली.टीएक्सटी’ असे लिहिल्यास यादी क्रमाने लागत नाही, संपूर्ण मजकूर नष्ट होतो. उत्तरासाठी नेहमी नवे नाव द्यावे.
३. बदल झाल्यावर ‘डिफ’ने मूळ फाइल आणि प्रत यांतील फरक पाहावा. अपेक्षेहून अधिक ओळी बदललेल्या दिसल्यास थांबावे.
४. केलेला प्रत्येक बदल स्क्रिप्टमध्ये नोंदवावा. त्याच्या वरच्या ओळीवर आधी ‘#’ हे चिन्ह घालून बदलाचे कारण मराठीत लिहावे. या चिन्हापुढील मजकूर संगणक वाचत नाही, माणूस वाचतो.

४.४ सारांश

छोट्या आज्ञा प्रत्येकी एकच काम करतात आणि नलिकेने जोडल्यावर शब्दपत्रांचे दीर्घ श्रम वाचवितात. ‘ग्रेप, सॉर्ट, युनिक, सेड’ अशा मोजक्या आज्ञांनी बोलीसामग्रीतील शब्द शोधता, मोजता आणि लावता येतात. परंतु त्या संकेतांकांची तुलना करतात, शब्दांची नव्हे. म्हणून मोजणीपूर्वी मजकुरातील संकेतनभेद दूर करणे आवश्यक असते आणि मोजणीनंतर प्रत्येक नोंद संदर्भासह वाचणे आवश्यक असते. संकेतनभेद मिटवावा, बोलीभेद जपावा. या दोहोंतील सीमारेषा आखणे हे यंत्राचे काम नाही, ते भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

४.५ पारिभाषिक संज्ञा

• नलिका : एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेस पुरविणारी सोय, चिन्ह उभी रेघ.
• संकेतांक : लिपिचिन्हास युनिकोडमध्ये दिलेला क्रमांक.
• संकेतनभेद : एकच शब्द भिन्न संकेतांकांनी लिहिला गेल्याने निर्माण होणारा भेद.
• शब्दवारंवारता : विशिष्ट मजकुरात शब्द किती वेळा आला ती संख्या.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ‘युनिक’ केवळ लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते, ‘सॉर्ट’मुळे सारखे शब्द शेजारी येतात. (आ) आकडे कसे काढले याची लेखी नोंद राहते आणि इतरांना ते पडताळता येतात.

प्रश्न २ : (अ) अर्ध्या ‘ऱ’चे संकेतांक निराळे असल्यामुळे. (आ) त्यातील ‘ले’ हा विभक्तिप्रत्यय नसून ते क्रियापदाचे रूप आहे म्हणून.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. शब्दवारंवारता काढणाऱ्या आज्ञांच्या साखळीतील प्रत्येक आज्ञेचे कार्य स्पष्ट करा.
२. ‘आज्ञेला भाषा कळत नाही’ या विधानाची चर्चा मराठी वर्णक्रम आणि वऱ्हाडी प्रत्यय यांच्या आधारे करा.
३. संकेतनभेद व बोलीभेद यांतील फरक प्रत्येकी दोन उदाहरणांसह लिहा.

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीची परवानगी घेऊन शेतीच्या कामाविषयी त्यांच्याशी दहा मिनिटे बोला. संभाषणाचे लिप्यंतर करून ते जसेच्या तसे मूळ फाइलीत ठेवा. प्रतीवर शब्दवारंवारता काढा आणि पहिल्या वीस शब्दांची यादी त्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांच्या मते एखादा नेहमीचा शब्द यादीत नसेल, तर तो बोलण्यातच आला नाही की मोजणीतून निसटला, याचा शोध घेऊन एक पृष्ठाचे टिपण तयार करा.